चमचा चौकातला फोटो

गडचिरोली जिल्हा झाला आणि गावात साहेब लोकांचा नुसता सुकाळ आला. साहेब आले म्हणजे चौक सुशोभित झालाच पाहिजे. मुंबईच्या कुणा शिल्पकाराकडून स्टीलची तीन उंच पानं करवून आणली आणि भर चौकात उभी केली. ही मोहाची पानं आहेत, असं उद्घाटनाच्या दिवशी माइकवरून सांगण्यात आलं. आता मोहाचं पान कसं असतं हे इथल्या माणसाला माइकवरून सांगायची गरज आहे का? गर्दीतला एक म्हातारा मान वर करून पाहत राहिला आणि म्हणाला, "अगा, हे तं चमचे होत!" झालं. तेव्हापासून तो चमचा चौक. पाटीवर कुणाचं नाव आहे ते पोस्टमनलाही सांगता यायचं नाही.

चमचे मात्र आरशासारखे लखलखीत होते. अगदी जवळ गेलं की तोंड भोपळ्याएवढं व्हायचं, जरा मागे सरलं की अख्खा माणूस उलटा, पाय वर आणि डोकं खाली. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं तिथे थांबून स्वतःला पाहायची आणि पोट धरून हसायची. फुकटची करमणूक कोण सोडतो?

एकटा हिरामण उंदीरवाडे तेवढा हसत नसे. तो टक लावून पाहत बसे. हिरामणचा स्टुडिओ चौकाच्या कोपऱ्यावरच होता, मागे घर. बाप रामाजीनं लोकांच्या धानाच्या बांध्यांत राबून त्याला नागपूरला चित्रकला शिकायला पाठवलं होतं. मोठा चित्रकार व्हायचं स्वप्न घेऊन गेलेला पोरगा परत आला तो कॅमेरा घेऊन. मग काय, नोकरीच्या अर्जावरचे फोटो, लग्नातले फोटो आणि मयताचे फोटो. मयताचे म्हणजे असं, की घरातलं माणूस गेलं की लोक एखादा जुना वरातीतला घोळक्याचा फोटो घेऊन यायचे आणि बोट ठेवून म्हणायचे, "हे आमची माय. एवढी मोठी करून द्या." हिरामण ते नखाएवढं डोकं मोठं करायचा, पेन्सिलनं डोळे-भुवया नीट करायचा आणि मनातल्या मनात चरफडायचा.

त्याची बायको कांता त्याला म्हणायची, "लोकायचे चेहरे सांभाळून ठेवून राह्यले तुमी. हे काय लहान काम हाय?"

"तुले नाई समजणार," हिरामणचं ठरलेलं उत्तर. हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं, की समोर कोण आहे हेही तो पाहत नसे.

चमचे उभे राहिले आणि हिरामणला आपली कला सापडली. स्टीलमध्ये वाकडी झालेली सायकल, वितळल्यासारखी दिसणारी म्हैस, लुगड्याच्या निऱ्यांच्या नुसत्या रेघा. कशाचा फोटो आहे हे ओळखूच येऊ नये, फक्त आकार दिसावा, उजेड दिसावा. नागपूरला प्रदर्शन भरणार होतं, तिथे हे पाठवायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण मनासारखा एक काही निघत नव्हता. काळ्या गर्दीत एखादी पांढरीशुभ्र आकृती पाहिजे, असं त्याला सारखं वाटत होतं.

आणि चौदा एप्रिलला लटारू आला.

लटारू मेश्राम हिरामणच्याच गावचा, त्याच मोहल्ल्यातला. लाकडाच्या डेपोत सागाचे लठ्ठे रचायचं काम करायचा. जयंतीच्या मिरवणुकीसाठी गडचिरोलीला आला होता, अंगात नवाकोरा पांढरा टेरिकॉटचा शर्ट. ऊन पडलं की डोळे दिपावेत असा.

"काय गा लटारू, शर्ट नवा दिसते?"

"हव भाऊ. जयंतीसाठीच शिवला. कडक हाय का नाई?"

"ये, इथी उभा राह्य. फोटो काढतो तुहा."

आता लटारूचं काय झालं असेल, विचार करा. जन्मात त्याचा फोटो निघाला नव्हता. त्याचं लग्न झालं तेव्हा फोटोवाला बोलावणं त्याच्या घरी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यानं डोक्याचा दुपट्टा काढून घडी करून बगलेत धरला, शर्टाचं गळ्याचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसा ताठ उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं.

"भाऊ, कॅमेरा तं चमच्याकडं हाय. मी इकडं हावो."

"चमच्यातून काढतो. तू चमच्यात पाह्य."

लटारूनं पाहिलं आणि खो खो हसत सुटला. "भाऊ, मी तं उलटा दिसून राह्यलो! पाय वर, डोस्कं खाली!"

इथे हिरामणनं खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? बाबा रे, मला तुझा फोटो नको, तुझ्या शर्टाचा उजेड पाहिजे, एवढंच म्हणायचं होतं. लटारूनं नाही म्हटलं नसतं. पण हिरामणला घाई होती, ऊन सरकत होतं. तो म्हणाला, "मांगं एका लग्नात तू मोठ्या कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याखाली डोकं घालून पाह्यलं होतं ना? तिथी लोक कसे दिसत होते?"

"उलटे."

"अन् फोटोत?"

"सरळ."

"मंग? तसंच हे."

लटारूला पटलं. पटणारच. जुन्या मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवर माणसं उलटी दिसतात आणि कागदावर सरळ येतात, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हिरामणनं धंद्यातली एक खरी गोष्ट घेऊन त्याला अशी शेंडी लावली, की ती खोटी आहे असं सांगायला कुणी गुरुजी आणला असता तरी लटारूनं ऐकलं नसतं. तो हसायचा थांबला आणि पापणी न हलवता चमच्याकडे पाहत राहिला.

"जरासा हाल," हिरामण म्हणाला.

"हाललो तं फोटो खराब होईन ना भाऊ?"

"नाई होत. हाल तू."

लटारू बिचारा डुलला. हिरामणनं बटण दाबलं, आणखी एकदा दाबलं, आणि त्याला कळलं, की मिळालं.

पुढच्या बाजारी लटारू स्टुडिओत हजर. "भाऊ, माहा फोटो?"

"रोल संपला नाई गा अजून. संपल्याबिगर धुता येत नाई."

हे तर सगळेच फोटोवाले म्हणतात आणि ते खरंही असतं. फक्त हा रोल धुऊन झाला होता. त्याच्या पुढच्या बाजारी लटारूनं येताना पानाच्या दोन्यात टेंभरं, तेंदूची पिकली फळं, आणली. "पोरायसाठी," म्हणाला आणि दोना हळूच काउंटरवर ठेवला. हिरामणनं ती घेतली, खाल्लीसुद्धा, आणि फोटो धुवायला नागपूरला पाठवलाय असं सांगून वेळ मारून नेली. "काई घाई नाई भाऊ," लटारू म्हणाला. घाई नाही म्हणत तो येत राहिला.

प्रदर्शनात हिरामणच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. फोटोचं नाव त्यानं ठेवलं होतं 'विलय'. मानवी आकार वितळून निव्वळ प्रकाश उरला आहे, असं परीक्षक म्हणाले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. हिरामणनं तो मोठा फोटो काचेच्या फ्रेममध्ये बसवून स्टुडिओत दारासमोरच टांगला. खालच्या कोपऱ्यात आपली सही आणि बक्षिसाची चिठ्ठी. येणारा प्रत्येक माणूस आधी ते पाहणार, अशा बेतानं.

लटारू आला तेव्हा दुकानात एक बँकेचे साहेब बसले होते आणि फोटोची तारीफ करत होते. लटारू दारात वहाणा काढून आत आला आणि फ्रेमसमोर उभा राहिला. बराच वेळ पाहत होता. काळ्याभोर अंधारातून लोंबणारी एक पांढरी लांबट ज्योत, आणि काय.

"भाऊ, हे काय होय?"

"कला होय."

"हव, पण कशाचा फोटो होय?"

हिरामणनं साहेबांकडे पाहिलं. साहेब आत्ताच म्हणाले होते, की यात त्यांना आत्मा दिसतो. त्यांच्यासमोर या हमालाला सांगायचं, की तो आत्मा म्हणजे तू? सगळी मजाच गेली असती.

"कशाचाच नाई. तुले नाई समजणार."

साहेब हसले. लटारूही हसला. "हव ना, आमाले काय समजते," म्हणाला. मग साहेबांना ऐकू जाऊ नये असा आवाज खाली करून त्यानं विचारलं, "माहावाला झाला का भाऊ धुवून?"

"होईन."

त्यानंतर लटारू दिसला नाही. पोळ्याच्या आधी त्याला ताप आला, हिवताप डोक्यात चढला आणि दवाखान्यात आणेपर्यंत माणूस हातचा गेला. हिरामणला बातमी कळली तेव्हा त्याला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं, आणि तसं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

लटारूची बायको रुखमा धाकट्या दिराला, दसरूला, घेऊन स्टुडिओत आली. बाकावर बस म्हटलं तरी बसेना. "भाऊ, येत्या इतवारी पुण्यानुमोदन हाय. भंतेजी येऊन राह्यले. बुद्धाच्या अन् बाबासाहेबाच्या फोटोपुढं त्यायचा फोटो ठेवा लागते. तुमी काढला होता ना जयंतीले, तो द्या."

हिरामण काउंटरवरची पाकिटं उगाच चाळू लागला.

"दुसरा एक बी फोटो नाई भाऊ त्यायचा," रुखमा म्हणाली. "पोरगी आता बसाले लागली. मोठी झाल्यावर बाप कसा होता म्हणन, तं मी काय दाखवू तिले?"

"सनवारी या," हिरामण म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

ती गेल्यावर त्यानं अंधारखोलीत शिरून त्या दिवसाच्या साऱ्या निगेटिव्ह काढल्या. एखादा तरी सरळ घेतला असेल, चुकून का होईना, कडेला लटारूचं तोंड आलं असेल. नव्हतं. सगळीकडे चमचा, आणि चमच्यात वितळलेला माणूस. मग त्यानं छापताना कागद वाकवून, तिरपा धरून तो पांढरा धूर सरळ करायचा खटाटोप केला. पुन्हा पुन्हा केला. डोक्याच्या जागी कधी भोपळा आला, कधी दुधी आला. डोळे नाहीत, नाक नाही. असणार कुठून? त्यानंच तर त्याला डुलायला लावलं होतं.

शेवटी त्यानं पेन्सिल हातात घेतली. आठवून काढू म्हणाला. पण कागद कोराच राहिला. लटारूचा चेहरा त्याला आठवेना. शर्ट आठवत होता, शर्टावरचं ऊन आठवत होतं, टेंभरांचा दोनासुद्धा आठवत होता. चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं.

त्यानं बाहेर येऊन कांताला विचारलं, "लटारूले मिशी होती का वो?"

कांता पोळ्या लाटत होती. लाटणं हातात तसंच राहिलं. "दर बाजाराले दुकानात येत होता तो माणूस. अन् तुमी मले विचारून राह्यले?"

हिरामणनं मान खाली घातली.

"होती," कांता म्हणाली. "बारीक. अन् हसला का एक डोया बारीक करे. माणसाच्या तोंडाकडं कधी पाहतच नाई का हो तुमी?"

लाज वाटत होती, खूप वाटत होती, पण लाज वाटली म्हणजे माणूस लगेच सुधारतो असं थोडंच आहे? दुसऱ्या दिवशी फोटो झाला का म्हणून दसरू विचारायला आला आणि हिरामणला धंद्यातली जुनी युक्ती आठवली. मेलेल्याचा फोटो नसेल तर भावाला बसवायचं. मिशी लावायची, गाल थोडे भरायचे. घरचे रडत असतात, कोण एवढं निरखून पाहतो? त्यानं दसरूला स्टुलावर बसवलं आणि काही न सांगता फोटो काढला. दसरू साधा माणूस, बस म्हटलं तर बसला. रात्री हिरामणनं त्यावर बारीक मिशी काढली, एक डोळा जरा बारीक केला. फोटो इतका सुरेख जमला, की ज्यानं काढला त्यालाच तो पाहवेना. त्यानं तो कागदात गुंडाळून ठेवून दिला.

शनिवारी दोघंही आली. रुखमानं पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी फोटो घेतला. कागद उलगडला. दसरू तिच्या खांद्यावरून वाकून पाहू लागला.

"हा दसरू होय," रुखमा म्हणाली.

दसरूनं आपल्या ओठावर बोट फिरवलं. "मी होय का?"

"बाई, मयताचा फोटो करतानी असं थोडंसं..." हिरामण सुरू झाला.

"भाऊ, मिशी लावली तरी दीर ओळखू येते मले." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "त्यायचा नाई काढला का तुमी? ते तं साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरले, माहा फोटो काढला हिरामणभाऊनं म्हणून. उलटा दिसते, मंग सरळ करा लागते, म्हणे. सरळ नाई झाला का? नाई झाला तं उलटा द्या. आमी करू काईतरी."

पळवाट अजून उघडी होती. नाहीच काढला म्हणायचं. किंवा रोल खराब झाला म्हणायचं. एक वाक्य टाकलं की हिरामण मोकळा. पण मग लटारू खोटा पडत होता. मेलेला माणूस, साऱ्या मोहल्ल्यात खोटा. तेवढं मात्र हिरामणच्यानं होईना. तो स्टुलावर चढला, भिंतीवरची फ्रेम काढली आणि तिच्यासमोर काउंटरवर ठेवली.

"हा होय," तो म्हणाला.

रुखमानं पाहिलं. "कुठी?"

"हे पांढरं दिसते ना, हा शर्ट. वरतं पाय होत. अन् हे खालतं... हे डोकं."

तिनं फ्रेम उचलली आणि उलटी फिरवली. हिरामणची सही आणि बक्षिसाची चिठ्ठी वरच्या कोपऱ्यात जाऊन उलटी झाली. रुखमा पाहत राहिली. मग पांढऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हव. शर्ट त्यायचाच होय. चेहरा नाई आला का भाऊ?"

"मीच येऊ नाई देला," हिरामण म्हणाला. "मले चेहरा नको होता, बाई. म्हणून त्याले हालाले लावलं. सरळ येते म्हणून सांगतलं ते खोटं होतं. लटारू खोटं नाई बोलला, मी बोललो."

"बक्षीस याचंच का?" दसरूनं विचारलं.

"याचंच."

हिरामणला हातांना काहीतरी काम पाहिजे होतं. त्यानं पेचकस घेतला आणि फ्रेमच्या वरच्या बाजूची टांगायची कडी काढून ती दुसऱ्या बाजूला बसवायला लागला, म्हणजे फ्रेम टांगली तर लटारूचे पाय तरी खाली येतील.

"हे इथी कईपासून लटकून हाय?" रुखमानं विचारलं.

"जूनपासून."

"मंग त्यायनं पाह्यलं असन."

"पाह्यलं."

"काय म्हणे?"

"कशाचा फोटो होय म्हणून विचारलं."

"मंग तुमी काय सांगतलं?"

हिरामणनं पेचकस खाली ठेवला. वर पाहायची हिंमत नव्हती, पण त्यानं पाहिलं. "कशाचाच नाई, म्हणलं."

आता ही बाई बोलेल, शिव्या देईल, काच फोडेल, असं त्याला वाटलं. तिनं तसं करावं असं त्याला मनापासून वाटत होतं. रुखमानं फ्रेम जवळ ओढली आणि पदरानं काच पुसली.

"सांगाचं होतं ना भाऊ," ती म्हणाली. "चेहरा नसता तरी चाललं असतं त्यायले. सारा मोहल्ला आणला असता त्यायनं इथी, हा मी होय म्हणून दाखवाले."